शेवंताच्या ठाणातल्या उलट्या मॅट

मंगळवार, दिवेलागण

हे होते तेव्हा आम्ही संध्याकाळचा चहा शेवंताच्या ठाणापाशीच घ्यायचो, आणि ती घोडी खुशाल यांच्या बशीत तोंड घालायची. आज तिथंच उभी राहून मी मुलावर ओरडून आले.

विजूनं मुरमाच्या जमिनीवर रबरी मॅट टाकल्या, त्याही उलट्या. दाणेदार बाजू खाली, गुळगुळीत वर! म्हणे, "आई, धुवायला सोपं. फोटोतही झक्कास." म्हातारी घोडी घसरायच्या भीतीनं दोन दिवस बसलेली नाही. अंथरलेलं गवत जसंच्या तसं.

आमचे जुने मोतद्दार मुबारकभाई खरारा करता करता म्हणाले, "वैनी, मी सांगितलंतं की! पर म्हाताऱ्याचं ऐकतंय कोण?"

खरंच, कोण? न्हाणीघरात चकचकीत फरशी यानंच बसवली. मी भिंत धरून आंघोळीला जाते, ते दिसलं कधी त्याला? पण मी तरी कुठं बोलले?

आज मात्र दोघींचंही बोलून टाकलं. ते गवत बघवेना.

उद्या विजूनं स्वतः मॅट उलटायच्या. मोठ्या चारही शेवंताला. कापून उरलेली पट्टी मुबारकभाईंच्या शेळीला. आणि एक चौकोन, दाणेदार बाजू वर करून, माझ्या न्हाणीघरात.