रिकाम्या नंबरांची कडी

२४ सप्टेंबर २०२५, बुधवार

आधी सगळ्यांची खुशाली. हिचे गुडघे तसेच, पण आवाज खणखणीत, म्हणजे तब्येत बरी. कालवड खायला लागली. टॉवरवरची बॅटरी धापा टाकतेय. आणि मी? तापलोय! ताप नव्हे — राग.

गावाला इंटरनेट आपण देतो. प्रत्येक कनेक्शनला एक नंबर, घरनंबरासारखा. त्यातले थोडे मी मुद्दाम कुणालाच दिलेले नाहीत. रिकाम्या खोल्याच म्हणा ना; तिथली कडी वाजली की माझ्या फोनला कळतं. तिथं राहत कुणी नाही, मग कडी वाजवणार कोण? एकतर वाट चुकलेला, नाहीतर चोर. चुकलेला एकदा वाजवून निघून जातो. चोर ओळीनं सगळी दारं चाचपतो. बाहेरमुलखातले भुरटे रोजच येतात, त्यांचं आता काही वाटत नाही. पण आज ओळीनं सगळ्या कड्या वाजल्या त्या गावातूनच — आमच्या दूध संस्थेच्या ऑफिसातून!

चेअरमन बबनरावांना सांगून आलो. "बघतो," म्हणाले.

२६ सप्टेंबर

बघितलं म्हणे! सुवर्णाला कामावरून काढलं!!

दूध घेताना लिटर-फॅट कॉम्प्युटरवर भरते ती पोरगी. सकाळी भर रांगेत बबनराव तिला म्हणाले, "आप्पांनी पकडलंय तुला. आमच्या मशीनवर बसून चोरांशी संधान बांधती व्हय?" रांगेतली एक लगेच, "नखं रंगवून बसती, तवाच वाटलं हुतं."

माझं नाव घेऊन! मी ऑफिस म्हणालो होतो, माणूस नव्हे. मला बाहेरून घर दिसतं, घरात कोण कोण आहे ते दिसत नाही. तसाच उठून गेलो. तर मलाच शिकवतात — "आप्पा, कॉम्प्युटर एक, बसणारी एक. हिशेब सोप्पा हाय."

सोप्पा! दुसऱ्याच्या लेकीचं नाव घालवणं सोप्पंच असतं.

२७ सप्टेंबर

सुवर्णाच्या घरी गेलो. सासूनं, सखूबाईनं, पाणी दिलं. चहाचं नाव काढलं नाही. सुवर्णा उंबऱ्यातच उभी.

"आप्पा, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर लोक हसले असते. तुम्ही सांगितलं म्हणून खरं मानलं."

सणसवाडीला कंपनीत पॅकिंगला जाणार म्हणाली. मैत्रिणीच्या खोलीवर राहील.

२९ सप्टेंबर

ती काल गेली. कड्या वाजतातच आहेत. त्याच ऑफिसातून, तशाच ओळीनं.

बबनरावांना सांगितलं. म्हणतात, "मंग जाताना कॉम्प्युटरात कायतरी घालून गेली आसंल." यांच्या डोक्यात उजेड पडायला आणखी एक टॉवर उभारावा लागेल!

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज अवजारं पुजायची, वापरायची नाहीत. सकाळचं दूध निघालं की संस्थेतही तेच — काटा, फॅटचं मशीन, कॉम्प्युटर सगळं पुसून, वायरी काढून टेबलावर मांडलेलं. हळदकुंकू, झेंडू. मला आरतीला बोलावलेलं. जायची इच्छा नव्हती, गेलो.

आरती चालू, आणि खिशात फोन थरथरला. कड्या! त्याच ऑफिसातून. आम्ही उभे होतो तिथूनच!

टाळ्या थांबवल्या. "बबनराव, कॉम्प्युटरची वायर कुठाय?"

"ही काय, हळदीत."

"मग कडी कोण वाजवतंय? झेंडू?"

मी भिंतीकडं बघितलं. वर कोपऱ्यात कॅमेऱ्याची पेटी, हिरवा दिवा लुकलुकत. तिला ना फूल, ना कुंकू. नेटला जोडलेला तोही कॉम्प्युटरच, पण दिसतो टीव्हीसारखा, त्याला कोण कॉम्प्युटर म्हणतंय! बसवली चेअरमनच्या भाच्यानं, विश्वजीतनं. तोही हजर होता.

"पासवर्ड काय ठेवलास रे?"

"कंपनीचाच हाय आप्पा. बदलत बसतंय कोण?"

म्हणजे कुठल्या तरी परक्यानं त्या पेटीत बिऱ्हाड केलं होतं, आणि तिथून गावभर दारं चाचपत होता. मी स्टुलावर चढलो, वायर उपटली. फोन शांत झाला. पुन्हा वाजला नाही.

बबनराव म्हणाले, "असूंद्या, असूंद्या. परसाद घ्या."

प्रसाद! पोरीचं नाव मातीत घातलं, वर पेढा! हात पुढं केला नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला बबनराव घरी. "सुवर्णाला म्हणावं, ये कामावर. झालं गेलं."

म्हटलं, "रांगेत चोर म्हणालात, रांगेतच शब्द माघारी घ्या."

"चेअरमननं रांगेत माफी मागायची? आप्पा, कायबी बोलता!"

ही आतून ओरडली, "मग चोर म्हणताना कुठं गेलतं चेअरमनपद?" आपट्याचं पान हातातच राहिलं त्यांच्या.

३ ऑक्टोबर

सकाळी रांगेत चेअरमननं शब्द माघारी घेतला नाही. मीच बोललो. पेटी, पासवर्ड, सगळं. माझ्या अर्धवट सांगण्याचंही. सगळे ऐकून, दूध घालून निघून गेले.

४ ऑक्टोबर

सुवर्णाला मेसेज पाठवला, तोच इथं उतरवतो —

"पोरी, आज रांगेत पुढं असलेल्या तुळजाबाईनं काट्यावर ठेवलेला कॅन परत उचलला. 'सुवर्णा आकडा घालंल तवाच दूध घालीन,' म्हणाली. मग मागची रांगच वळली. काटा रिकामा आहे. बबनराव शब्द माघारी घ्यायला तुझ्याकडं सणसवाडीला निघालेत, रांगेतल्या बायकाही ते ऐकायला टेम्पो करून मागोमाग. यायचं की नाही, तुझं तू ठरव. काय ठरवलंस ते मात्र लवकर लिही."