सोमलीचं दूध

का. शु. ३, शके १८६१. पुसेगाव

ताप उतरला. जाताना माझं दूध घेऊन गेला. आज उशीला टेकून बसता आलं म्हणून वही मागून घेतली.

सकाळी बाळाला गाईचं दूध पाणी घालून दिलं, सगळं उलटलं. काल तेच, परवा तेच. रडून रडून निळं पडलं. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. हे शाळा सोडून दाराशी उभे, चपला घालायच्या का काढायच्या तेही सुचेना.

तेवढ्यात तांड्यावरची सोमली मोळी घेऊन आली. दर बाजाराला येते, पाठीला पोरगी बांधलेली. मोळी टाकली, ओसरीवर चढली, कुणाला न विचारता बाळ उचललं अन् ओढणीखाली घेतलं. घर एकदम गप्प झालं.

मला रडू आलं. आनंदाचं म्हणावं तर तसं नाही.

का. शु. ७

सोमली सकाळ-संध्याकाळ येते. बाळाला अंग धरू लागलंय. तिच्या कोपरापर्यंतच्या बांगड्या वाजल्या की मान वळवतं. माझ्या हाकेला वळवत नाही. लिहून टाकलं की मनातून जाईल म्हणून लिहिते.

(गेलं नाही.)

सा.बाई तिच्या प्रत्येक खेपेनंतर बाळाला अंघोळ घालतात. सोमली बघते. तिची लेक जमनी श्रावणातली, गुबगुबीत. कमरेचा काळा करगोटा पोटात रुतलेला, वर टम्म पोट. दृष्ट लागेल अशी.

का. शु. १०

ह्यांनी सोमलीला लुगडं देऊ केलं. ती घागरा नेसते हे मास्तरांच्या ध्यानात नाही! मग पायलीभर ज्वारी. ती हसली.

"दूध इकत न्हाई मास्तर आमी."

हे ओशाळून शाळेत गेले. मी विचारलं, मग एवढ्या लांबून काहून येतेस गं?

"लेकरू रडून राहिलं व्हतं, म्हून."

बस. एवढंच.

आप्पा म्हणायचे, उपकार फेडायची घाई झालेला माणूस उपकाराला कंटाळलेला असतो. खरं आहे. मला तिचं ओझं डोक्यावरून उतरवायचंय. आप्पांची मुलगी, आणि मन इतकं कोतं.

का. व. १

शेतात वेचणी सुरू. सा.बाई सीतादही करून आल्या. दहीभात आधी शेताला, मगच पहिला कापूस वेचायचा, त्यांचा नेम कधी चुकत नाही. पडल्या पडल्या मनात आलं, शेताकडून घ्यायच्या आधी शेताला जेवू घालतो. आणि माणसाला?

उशाशी डिंकाच्या लाडवांचा डबा. अळीव, खसखस, खोबरं, सगळं मला दूध यावं म्हणून. मी खाते आणि नुसती फुगते. दूध ज्या घरी आहे तिथं लाडू जायला हवेत की नाही?

संध्याकाळी सोमलीनं बाळ घ्यायच्या आधी तिला लाडू दिला. सा.बाई, "वरून टाक गं." मी हातात ठेवला. हात गार, वेचणीनं ओरबाडलेला.

सा.बाई म्हणाल्या, असे वाटलेस तर दुसऱ्या डब्याला डिंक कुठून आणू?

सोमली, तोंडात लाडू: "म्या आणते की. डिंक तर आमीच इकतो."

सा.बाईंना सुद्धा हसू आवरलं नाही.

का. व. ६

गारठा वाढला. ती यायच्या वेळेला चुलीशी तिच्या हातपायांसाठी ऊन पाणी ठेवते. ती पाजते तोवर जमनी माझ्या मांडीवर. तिला तेल लावते. आभार हा शब्द ह्यांच्या पुस्तकात असतो, माझ्या तोंडातून निघत नाही, आणि निघाला तर सोमली हसेल. तेल लावणं जमतं. पाणी तापवणं जमतं. ती गेली की तिची पायवाट दिसेनाशी होईपर्यंत दारात उभं राहणं जमतं.

सा.बाईंनी मधल्या अंघोळी बंद केल्या. "गारठा हाय, लेकराला बाधंल." व्हय व्हय.

का. व. ९

बाळाची काळ्या मण्यांची मनगटी घट्ट झाली! हाताला वळ्या पडल्यात. दोरा वाढवून पुन्हा ओवली. आल्यागेल्याला हात दाखवला. सोमलीला दोनदा दाखवला. तीही म्हणाली, "लई ग्वाड."

मार्ग. शु. १

जमनीला तेल लावत होते. पाय वर उचलले, करगोटा कमरेवरून घसरून मांडीवर आला.

मी पुन्हा वर सरकवला. पुन्हा घसरला.

मार्ग. शु. २

ह्यांना सांगितलं. म्हणाले, ती घेणार असेल तर ज्वारी देऊ. ज्वारीनं एका आईच्या दोन होत नाहीत. सा.बाई म्हणाल्या, आपलं जगलं ना, तिकडं कशाला बघतीस. आणि संध्याकाळी स्वतःच जमनीला मांडीवर घेऊन बसल्या, शेकत.

मार्ग. शु. ३

सोमलीला विचारलं. तुला दिसलं नाही?

"दिसलं की. मायले दिसत न्हाई व्हय?"

मग काहून येतेस?

"जमनी भाताची पेज चाटती थोडी. तुमचं लेकरू कायबी घेत न्हाई." बाळाच्या टाळूवरून हात फिरवत बसली.

दिवसभर स्वतःशीच भांडले. थांबवावं तर माझं बाळ. न थांबवावं तर तिचं. मी कशी शहाणी, ऊन पाणी ठेवत होते, लाडू देत होते, आणि पोर माझ्याच मांडीवर वाळत होती. आता उपकार मानायची एकच रीत उरलीय, तिचं येणं थांबवायची, आणि तीच करवत नाही. भीती वाटते. फार भीती वाटते.

मार्ग. शु. ५

मण्यारीण खातूनबी बांगड्या भरायला आली. तिची शेळी व्यालीय. "गाईवानी जड न्हाई बाई शेळीचं. माझी दोन्ही पोरं त्याच्यावरच वाढली. जरा जरा द्या, तकलीफ न्हाई व्हणार." तिनंच धार काढून आणून दिली. वावडिंग टाकून उकळलं, पाणी घातलं, चोचीच्या बोंडल्यानं पाजलं. थोडं उलटलं. थोडं राहिलं. किती राहिलं हे दुपट्यावरचं बघून ठरवायचं म्हणजे...

सोमलीला म्हटलं, उद्यापासून सकाळीच ये फक्त. मग तेही नको.

"अन् उलटलं तं?"

तर बोलावीन.

"म्या तांड्यावरच हाय. कवाबी." एवढं म्हणून ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला वाटलं होतं तिला सुटल्यासारखं होईल. मीच तिच्या डोळ्याला पदर लावला. सा.बाई बघत होत्या, बघू देत.

मार्ग. शु. ८

कालपासून सोमली बंद. नुसतं शेळीचं. सकाळी निम्मं उलटलं. दुपारी बाळानं बोंडलं तोंडाला लावूच दिलं नाही. सगळं घर त्याच्या तोंडाकडं बघत बसलेलं. मी दोनदा ह्यांना म्हटलं, जा, तांड्यावर जा. दोनदा म्हटलं, थांबा.

ऊन कललं तशी ती स्वतःच आली, डोक्यावर मोळी. आज बाजार नाही.

"पाय आले. म्या काय करू?"

बाळाकडं हात केला नाही. ओसरीच्या पार टोकाला पाठमोरी बसली, जमनीला ओढणीखाली घेतलं. मग ओढणीचं टोक दोन्ही हातांच्या बांगड्यांवर गच्च गुंडाळलं. मला आधी कळेना. मग कळलं. बाळाला ऐकू जाऊ नयेत म्हणून.

त्या शांततेत मी बोंडलं पुढं केलं. तोंड फिरवलं. पुन्हा केलं. मग धरलं. निम्मं गेलं.

मागं न बघता तिनं विचारलं, "राह्यलं का पोटात?"

राहिलंय. अजून तरी.

तिनं बांगड्यांवरची ओढणी सोडली नाही.