झडपेवरची बुरशी

४ जून

पुन्हा गळली! सकाळी बाबांनी चहाचा घोट घेतला आणि ठसका — झडप बसवून महिनाही झाला नाही. कर्करोगात स्वरयंत्र काढलं तेव्हापासून बाबांचा सगळा आवाज श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधल्या भिंतीत बसवलेल्या या बोराएवढ्या सिलिकॉनच्या झडपेवर चाललाय. गळ्यावरचं भोक अंगठ्याने दाबायचं, श्वास झडपेतून वर ढकलायचा, की शब्द फुटतात. घोगरे, पण बाबांचेच. हयातभर भाजीबाजारात लिलाव पुकारलेला माणूस! आई म्हणते, "जित्याची खोड! गळा कापला तरी तोंड बंद नाही."

घशाच्या डॉक्टरांनी झडप काढली. दर वेळी तेच — पांढरी बुरशी. म्हणाले, "सारखं बदलून आतली जागा सैल होतेय. असंच चाललं तर ती शिवून टाकावी लागेल." म्हणजे हा आवाज कायमचा गेला.

आणि या झडपेवरचा बुरशीविरोधी लेप आमच्याच प्रयोगशाळेत तपासलेला. मीच तपासला. काचेच्या ताटलीत बुरशी नुसती गोल गोल बसून होती, शहाण्या मुलासारखी!

५ जून

बाबांना नवी झडप बसवली. त्याच लेपाची. दुसरी आहे कुठे? माझं डोकं चालत नाही.

७ जून

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी ताटली उजेडात धरली, मग मलाच विचारलं, "ही कुठल्या हवेत वाढवलीस?"

साध्या. सगळेच वाढवतात तशी.

"आणि तुझे बाबा झडपेवर काय सोडतात?"

उच्छ्वास! बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड नावापुरता, उच्छ्वासात त्याच्या शंभरपट. हे परीक्षेत लिहून मी मार्क मिळवलेत. काखेत कळसा! लगेच तोच लेप लावलेले सिलिकॉनचे तुकडे बुरशीसकट वायूच्या कपाटात ठेवले, श्वासाइतका कार्बन डायऑक्साइड सोडून.

१० जून

धागे! गोल पेशींना लांब धागे फुटलेत, लेपात घुसलेत, एकमेकांत गुंतून सायीसारखा थर झालाय. तोच लेप, तीच बुरशी. हवा बदलली आणि तिचं रूपच पालटलं. इतके महिने आम्ही भलत्याच हवेत पास-नापास करत बसलो होतो. मला रडूच आलं.

आता प्रयोगशाळेतले बाकीचे लेपही वायूत तपासायचे. बाबांची झडप टिकली पाहिजे तोवर.

घरी बाबांना समजावलं — "तुमच्याच श्वासातल्या वायूने ती माजते." बाबांनी नुसती मान डोलावली.

१३ जून

बाबा बोलत नाहीत. झडप ठीक आहे, मी स्वतः पाहिली. पण सगळं खुणांनी. मीठ हवं तर बोट दाखवतात. आई भडकली — "राग असेल तर तसं सांगा ना!" त्यावरही मान हलवली, नाही म्हणून. यांनी हिंमत सोडली की काय? फार भीती वाटते.

१५ जून

एका नव्या लेपाचा तुकडा स्वच्छ निघाला! वायूतसुद्धा बुरशी गोलच, एक धागा नाही. मॅडम म्हणाल्या, "नाचू नकोस, पुन्हा करून बघ." जिन्यात जाऊन नाचले.

१७ जून

पुन्हा स्वच्छ!! धावत घरी आले, चपला न काढताच बाबांना सांगितलं. त्यांनी अंगठा गळ्याशी नेला.

"झालं तुझं? मग आता बोलू?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"श्वास वाचवत होतो गं. ही झडप टिकायला नको का तोवर?"

अहो बाबा! बोललात काय नि गप्प बसलात काय, श्वास तर चालूच! तो वायू झडपेला लागायचा तो लागणारच. मी अर्धवट समजावलं आणि या माणसाने आठवडाभर तोंडाला कुलूप लावलं. आई आधी हसली, मग "वेडे आहात" म्हणून स्वयंपाकघरात निघून गेली. बराच वेळ नळ चालू होता.

१९ जून

आज पुन्हा गळली. डॉक्टरांनी तपासलं. जागा फारच सैल झालीय. आता कुठल्याच लेपाची झडप तिथे बसणार नाही. उद्या ही काढून जागा शिवणार.

बाहेरच्या खोलीत बाबा आईला आठवडाभराचं तुंबलेलं सगळं सांगतायत — कपाटाचं करकरणारं दार, शेजाऱ्याचं कुत्रं, लग्नाआधी ती त्यांना कशी दिसली होती. आई एकदाही मध्ये बोललेली नाही.

लिहिणं पुरे. मी ऐकायला जाते.