काकू, कुणीकडून?

सोमवार, ३ फेब्रुवारी

नऊ मिनिटांत अकरा वेळा मेलो!

संपादकसाहेबांनी आज एक नवा कॉम्प्युटर गेम गळ्यात मारला. "गेमवर लिहिणारा सोडून गेला. तुम्ही लिहा. पहिली छाप, पाचशे शब्द, शनिवार दुपारी बारा." एकतीस वर्षांत पुष्पप्रदर्शनापासून सांडपाण्याच्या आराखड्यापर्यंत सगळ्यावर लिहिलंय, दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासलंय. नाही म्हणायची सवयच नाही.

खेळ असा: फुटक्या चंद्रावरचा तळ. पाच विरुद्ध पाच. पाठीवर यंत्र बांधून उडायचं, भिंतीवरून पळायचं, दिसेल त्याच्यावर किरण सोडायचे. आपल्या बाजूचे चौघे आपापल्या घरून खेळणारे, अनोळखी, हेडफोनमधून बोलतात. बोलतात कसले— एकदम ओरडतात! मी चष्मा सावरेपर्यंत खलास. "काका, निदान वाटेतून तरी बाजूला व्हा!"

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ही ड्यूटीवरून आली आणि चहाचा कप घेऊन माझ्या मागे उभी राहिली. अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये सव्वीस वर्षं फोन घेतेय. पत्ता काढायचा, गाडी पाठवायची, पलीकडच्याला धीर द्यायचा. दोन मिनिटं पाहिलं. "अहो, यांच्यात कोण कुणाशी बोलतंय? द्या इकडे."

हेडफोन माझ्या डोक्यावरून काढलाच.

"एकेकानं बोला. कासव, तू कुठे आहेस?" — कासव म्हणजे त्यातला सगळ्यात वेगवान गडी.

"घुमटाखाली. पडलोय!"

"हलू नकोस. गाडी निघालीय."

सगळे फिदीफिदी हसले. पण दहा सेकंदांत साथीदारानं हात लावला तर पडलेला उठतो, आणि हिनं जवळच्याला नेमकं तिथे धाडलं होतं. आठव्या सेकंदाला कासव उठला. जिंकलो!

बुधवार, ५ फेब्रुवारी

तिला 'काकू' म्हणतात. मला अजून 'बाजूला व्हा'.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

नऊपैकी सात डाव जिंकले. हिला नेम अजिबात नाही. एका कोपऱ्यात दबा धरून बसते, नकाशा बघते आणि चौघांना हलवते. "काकू, घुसू?" "थांब म्हटलं ना! आधी त्याला उचल." समोरच्या संघात पडलेल्यांकडे कुणी बघत नाही, हिच्या संघात कुणी पडून राहत नाही. मागे उभ्या उभ्या माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. सव्वीस वर्षं ही काय काम करते ते मी आज पहिल्यांदा पाहिलं, लाज वाटावी इतक्या उशिरा.

एकच खोट. मरते ती दर वेळी डावीकडून. शत्रू ज्या बाजूनं येतो त्या बाजूच्या कानात त्याची पावलं वाजतात. कासव म्हणाला, "काकू, डावीकडून हत्ती आला तरी तुम्हाला पत्ता नसतो!" मी म्हटलं, "डावीकडे सासर आहे का गं तुझं?" हसली.

हेडफोनच बिघडला असणार.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

लेख झाला. हिला वाचून दाखवला. शेवटचं वाक्य— 'आमच्या काकूंना गाठायचं असेल तर डावीकडून या!'

"ते काढा."

"अगं, तेच तर जमलंय."

"काढा म्हणते ना."

कामावरून येताना नवा हेडफोन आणला, बक्षीस म्हणून. दुकानात दोन्ही बाजू ऐकून घेतल्या होत्या. ही खेळायला बसली, मी मागे. आणि डाव्या बाजूनं पावलं वाजायला लागली— हेडफोनमधून बाहेर झिरपून हातभर अंतरावर मला ऐकू आली! ही ढिम्म. मेली.

डाव संपल्यावर तिनं हेडफोन काढला. डावीकडे उभं राहून हळूच विचारलं, "कधीपासून?" ती स्क्रीनकडेच बघत राहिली. उजवीकडे गेलो, तसंच हळू विचारलं.

"आठ महिने."

कामावरचा फोन उजव्या कानाला असतो, म्हणून निभावलं. कळवलं तर फोनवरून उठवतील. "मला दुसरं काय येतं हो?"

वाक्य काढलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

साडेअकराला लेख दिला. साहेब म्हणाले, "शेवट मिळमिळीत झालाय." असू दे.

घरी आलो तर हिनं एक कागद पुढे केला. "एवढं तपासा." अर्ज होता. डाव्या कानानं ऐकू येत नाही, मला फोनवरून काढावे. आणि खाली— 'गेल्या आठ महिन्यांत मी घेतलेले सर्व कॉल पुन्हा ऐकावेत. माझ्याकडून काही सुटले असल्यास मला सांगावे.'

"हे खालचं कशाला? कुणी मागितलंय का?"

"कुणी मागायच्या आत दिलेलं बरं."

आयुष्यभर दुसऱ्यांचे मजकूर कापत आलो. या कागदाला पेन लावलं नाही. माझ्या हातून पहिली ओळसुद्धा उतरली नसती! सोमवारी ती स्वतःच नेऊन देणार आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

अजून काही कळलं नाही. जुने कागद लावण्याचं काम दिलंय. वेळेवर जाते, वेळेवर येते. मी गेम लावला की कासव रोज विचारतो, "काकू कुठायत?" ही खेळत मात्र नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

कॉल ऐकून झाले. हजारोंत एक सापडला, नोव्हेंबरचा. शेजारच्या डाव्या टेबलावरून कुणीतरी ओरडतंय, "पूल बंद आहे!" टेपवर स्वच्छ ऐकू येतं. हिनं गाडी पुलाकडेच पाठवली. सहा मिनिटं उशीर. माणूस वाचला, पण त्याला चालता येत नाही. सहा मिनिटांमुळे की नाही, डॉक्टरही सांगू शकत नाहीत.

त्याच्या घरी जाऊन येते म्हणाली. मी सोबत येतो म्हटलं. "नको. तो कॉल मी घेतला होता."

पत्ता तिला तोंडपाठ होता. एकटीच गेली.