दसऱ्याच्या मुहूर्तावर बदललेल्या लायब्ररी-आवृत्त्यांचा दोष माझ्यावरून काढण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासक,
वेणाकाठ सहकारी जिनिंग संस्था, हिंगणघाट.

मार्फत : मा. व्यवस्थापक
(तक्रार त्यांच्याचविरुद्ध आहे. तरी नियमाने अर्ज त्यांच्याच टेबलावरून जातो.)

विषय : निष्काळजीपणाचा ठपका व निलंबन रद्द करण्याबाबत.
संदर्भ : मला दिलेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

कापसाचे वजन नोंदवून पावती छापणारा संस्थेचा जावा प्रोग्राम मी लिहिला. तो बाहेरच्या तयार लायब्रऱ्यांवर, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या कोडच्या संचांवर, चालतो. कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती घ्यायची, ते आकडे बिल्डच्या, म्हणजे सगळे भाग जोडून प्रोग्राम तयार करण्याच्या, फाइलमध्ये मी ठरवून, तपासून लिहिले होते. दोन हंगाम एकही पावती अडली नाही.

दसऱ्याला काट्याची, यंत्रांची आणि कॉम्प्युटरची पूजा झाली. कीबोर्डवर कुंकू पडले, त्यालाही माझी हरकत नव्हती. पण व्यवस्थापक धनंजय साहेब म्हणाले, "दसरा आहे बाई, आज काही जुनं नाई ठेवाचं," आणि त्यांनी स्वहस्ते सगळे आकडे खोडून प्रत्येक ठिकाणी 'लेटेस्ट' लिहिले. चाचणीशिवाय असे करू नये, हे मी सर्वांसमोर सांगितले. मुहूर्त टळतो म्हणून मलाच गप्प बसवण्यात आले.

बिल्ड विनातक्रार झाला, पेढे वाटले. मात्र काटा वाचणारी आणि पावती छापणारी या दोन्ही लायब्रऱ्या ज्या तिसऱ्या लायब्ररीवर अवलंबून आहेत, तिच्या नव्या आवृत्तीत काटा वाचणारीला लागणारे फंक्शनच काढून टाकलेले आहे; ही उणीव बिल्डच्या वेळी दिसत नाही, प्रत्यक्ष वजन करतानाच कळते. पहिली गाडी काट्यावर चढली आणि प्रोग्राम बंद पडला. गाडी शेतकरी भैय्याजींची होती. ते मला विचारत होते, "काऊन वं बाई, तुह्या कंपुटरले माहा कापूस दिसून नाई राह्यला का?" फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली आणि शिव्या मी खाल्ल्या.

आकडे परत लिहू द्या म्हटले, तर मुहूर्तावर केलेले काम मोडता येत नाही, असे उत्तर मिळाले. वर माझा पासवर्ड काढून घेतला आणि कारणे दाखवा नोटीस व निलंबनाचा कागद हाती दिला. महोदय, मला संताप आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझ्या जागी श्री. निकेश यांना आणले. ते बिचारे प्रामाणिक निघाले. त्यांनी फोन करून विचारले, "ताई, पह्यले कोणते आकडे होते?" मी सगळे सांगितले, कारण बाहेर कापूस उभा होता. तेच आकडे त्यांनी परत लिहिले आणि काल सकाळी काटा सुरू झाला. दुपारी सूचना फलकावर 'जुन्या कर्मचाऱ्याची चूक नव्या कर्मचाऱ्याने सुधारली' असे अभिनंदन लागले. खाली सही धनंजय साहेबांची आहे.

तो फलक उतरवावा, ठपका काढावा, आणि यापुढे ती फाइल पंचांग पाहून कोणी उघडू नये, असा आदेश द्यावा.

माझे आकडे पूर्ववत झालेच आहेत. आता मलाही पूर्ववत करावे.

आपली, अजून तरी नम्र,
रक्षा भोयर
पिपरी मेघे, वर्धा
दि. १० ऑक्टोबर

सोबत : नोटिशीची प्रत, फलकाचा फोटो, कुंकू लागलेल्या कीबोर्डचा फोटो.