पिठाची पिशवी घेतलेला संचालक

तीर्थस्वरूप भाऊजींच्या सेवेशी,

धाकटा मेहुणा आ-फू याचे दोन्ही हात जोडून, कंबर वाकेल तेवढे वाकून वंदन. (हल्ली ती थोडीच वाकते; उरलेले मनाने वाकलो असे समजावे.) ताईचे गुडघे कसे आहेत? तैपेईच्या त्या चौथ्या मजल्याला लिफ्ट बसली, की अजून नुसती वर्गणीच निघते आहे? सोबत माशांचे गोळे धाडतो आहे. कोळंबीचे वेगळे बांधलेत, ते ताईचे.

भाऊजी, तुम्ही छत्तीस वर्षे बँकेत काढलीत, मी हातगाडीवर गोळे उकळण्यात. म्हणून तुम्हालाच विचारतो: बँकेतले पैसे असतात तरी कुठे?

झाले असे. गेल्या वर्षी, मी मासळीचे शीतगृह बांधल्यावर, बंदरावरच्या पतपेढीने मला संचालक केले. (संचालकाने करायचे काय, तर सभेला यायचे आणि चहा प्यायचा. दोन्ही नेमाने करतो.) मंगळवारी बायको म्हणाली, नवे वर्ष तोंडावर आले, पोरांच्या लाल पाकिटांसाठी कोऱ्या नोटा आणा. पाकिटात चुरगळलेली नोट घालणाऱ्याची काय शोभा होते ते तुम्ही जाणताच. हाताला लागली ती पिठाची भलीमोठी पिशवी घेऊन निघालो. संचालक म्हणून मागच्या दाराने जाता आले असते, पण म्हटले, आपण लोकांतली माणसे. रांगेत उभा राहिलो. तिथेच घात झाला.

माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. उकळीच्या आवाजावरून गोळा शिजला की कच्चा ते सांगतो. मागे सुकटवाली छाई मावशी कुजबुजली, "अगं बाई, संचालकच पैसे काढायला आलाय! आणि पिशवी बघ केवढी!" पलीकडून कोणी म्हणाले, "त्याला आतली खबर असणार. बुडाली वाटतं पेढी." मनात आले, हा नक्की संचालक येह, तो जाळीवाला. कुठूनही सगळ्यांच्या आधी सटकणारा! मान उंच करकरून शोधला, दिसेना. म्हटले, लबाड पैसे काढून पसारही झाला. खिडकीशी पोचलो आणि कोऱ्या नोटा राहिल्या बाजूला, माझे सगळेच्या सगळे अकरा लाख मागून घेतले.

त्यानंतर रांग मात्सूदेवीच्या देवळापर्यंत गेली.

दुपारी मॅनेजर शू बाईंनी आत बोलावले. येह म्हणे चार दिवसांपासून मुलीकडे तैचुंगला. "मग तो संचालक कोण?" मी विचारले. बाई नुसत्या माझ्या पिशवीकडे बघत राहिल्या.

मी धीर दिला की घाबरता कशाला, लोकांचे पैसे तिजोरीत आहेतच, देऊन टाका. तर बाई कडाडल्या, "तिजोरीत? अहो, लोकांचे पैसे त्या कोळी आ-माओच्या होडीत आहेत, छाई मावशीच्या पोराच्या घरात आहेत, आणि सगळ्यात जास्त तुमच्या शीतगृहात आहेत!" म्हणजे माझेच ठेवलेले पैसे मीच कर्जाने घेऊन वर व्याजही भरत होतो? पाच दिवस विचार करतो आहे, मेळ लागत नाही. आणि मधल्या मध्ये बाईंचा पगारही निघतो! हे जमते कसे, भाऊजी?

शहरातल्या मोठ्या बँकेने रोकड उसनी दिली आहे, ती पुढच्या शुक्रवारपर्यंत पुरेल. तोवर ठेवी परतल्या नाहीत तर पेढीला टाळे, आणि कर्जे एकदम वसूल. म्हणजे बंदरातल्या होड्या गेल्या, माझे शीतगृह गेले. म्हणून बुधवारी तीच पिशवी घेऊन, चारचौघांना दिसेल असा, पैसे परत भरायला गेलो. छाई मावशी ओरडली, "पुन्हा आला गं! उरलेलं न्यायला!" रांग दुप्पट झाली. शेवटी मागच्या दाराने भरले. ते मात्र कोणी पाहिले नाही.

बाकी सर्व क्षेम.

तुमचा गोंधळलेला,
चुआंग आ-फू

ता.क. पुढच्या शुक्रवारी सकाळच्या गाडीने याच. तो करडा सूट घाला, टाय लावा, आणि मोठी बॅग घेऊन पैसे भरायच्या खिडकीशी उभे राहा. "तैपेईचे बँकवालेसुद्धा इथंच पैसे ठेवतात" एवढे मावशीच्या जवळपास बोला. पुढचे काम ती करील.

ता.क. २. बॅग भरलेली दिसली म्हणजे झाले. वर नोटा, खाली ताईचे स्वेटर चालतील.

ता.क. ३. मुक्कामाला आमच्याकडेच या, पण सतरंजीवर झोपावे लागेल. आमची गादी मंगळवारपासून फार टोचत होती. आज उसवली, तर आत बायकोची पेढीतली सगळी ठेव निघाली, कोऱ्या करकरीत नोटांत. विचारले तर म्हणाली, "संचालकच काढतोय म्हटल्यावर मी कशाला मागे राहू?"