रद्दीत गेलेली पत्रं

दादा,

आईच्या माघारी तिचं कपाट आवरलंस, धन्य आहेस! तुझे शाळेतले चषक मऊ कापडात गुंडाळून ठेवलेस आणि बाबांनी बोटीवरून आईला लिहिलेली पत्रं रद्दीत घातलीस. वर मला सांगतोस, "अक्षरच लागत नव्हतं गं!"

रद्दीवाल्याला मात्र लागलं. त्याने गठ्ठा बाजूला काढून ठेवला होता. "ताई, घरचं दिसतंय," म्हणाला.

पत्रं मी माझ्याकडे नेते आहे. मागायला येऊ नकोस. एकच तुझ्यासाठी टेबलावर ठेवलंय. त्यात बाबा आईला लिहितात, "थोरल्यावर ओरडू नकोस. तो मनाने फार चांगला आहे."

सहा-सहा महिने समुद्रावर असायचे बिचारे. त्यांना कुठून कळणार!

धाकटी